कीर्तीची साक्ष

पदार्थाची परीक्षा जिभेने करावी व त्याच्या हितकरतेची वैद्याने, हा जुना न्याय आता मागे पडला आहे. शीतपेय असो वा बिस्किट, त्याची शिफारस करावयास एखादा नट किंवा क्रिकेटपटू पुढे येतो. हा प्रकार केवळ आजचा नव्हे. खुद्द रवीन्द्रनाथ ठाकुरांचे नाव बोर्नव्हिटाच्या जाहिरातीत आले होते. तेव्हा आजच्या मंडळींच्या लोभास दोष देऊन हा प्रश्न सुटावयाचा नाही.

न्यायदर्शनाने आप्तवचनास प्रमाण मानले आहे. आप्त कोण? ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो, असा भाष्यकार वात्स्यायनाचा अभिप्राय आहे. असा मनुष्य ऋषी असो वा म्लेच्छ, त्याला चालतो. म्हणजे आप्तत्व थोरवीने येत नाही, ज्ञानाने व सचोटीने येते. जाहिरातीतील साक्षीदारापाशी थोरवी भरपूर असते. परंतु फलंदाजी जाणणारास साखरेचे गुणदोष कळतातच असे नाही, आणि त्याचे शब्द तर मोबदल्याने ठरलेले असतात.

यावर कोणी म्हणतील की, हा सारा अभिनय आहे हे सर्वांस ठाऊकच असते. पण रंगभूमीवर नट दुसऱ्याच्या नावाने बोलतो, येथे स्वतःच्या; आणि त्या नावासाठीच तर पैसा मोजलेला असतो. शिवाय मुलांस हा भेद कोठून कळावा? अमिताभ बच्चन यांनी २०१४ साली अहमदाबादेस एक हकीकत सांगितली. आमच्या बाई ज्याला विष म्हणतात त्या पेयाची जाहिरात तुम्ही का करता, असे जयपूरच्या एका लहान मुलीने त्यांना विचारले. त्यानंतर आपण ती जाहिरात थांबविली, असे ते म्हणाले. त्या मुलीचा दोघांवरही विश्वास होता, आणि दोघेही खरे असणे शक्य नव्हते. तिची ही कोंडी हीच आमच्या मते या व्यवहाराची खरी किंमत होय.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या पुरस्कर्त्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे; आधी योग्य ती चौकशी केली असेल तर तो सुटतो. हे योग्यच आहे. परंतु कायदा असत्यास पकडतो. अक्षरशः खऱ्या पण अनास्थेने दिलेल्या साक्षीस तो पकडू शकत नाही. तेथे सदसद्विवेकच हवा. २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली. जे आपण पीत नाही ते इतरांस प्यावयास कसे सांगावे, एवढाच त्यांचा विचार होता. त्यासाठी कोणत्याही कलमाची गरज पडली नाही.

आम्ही अध्यापकही या दोषापासून अगदी मुक्त आहोत असे नाही. न वाचलेल्या पुस्तकास भिडेखातर अभिप्राय देण्याचा प्रसंग आम्हांवरही येतो, आणि तेथेही विद्यार्थी आमच्या नावावर विसंबूनच ते पुस्तक विकत घेतो. कीर्ती मनुष्य स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवितो हे खरे. पण तिच्यावरचा विश्वास लोकांनी ठेविलेला असतो. दुसऱ्याची ठेव विकण्याचा अधिकार कोणास आहे?