ओळख आणि वशिला

‘वशिला’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ किती निरागस! वसीला म्हणजे साधन, पोहोचण्याचा मार्ग. आपल्या कचेऱ्यांतून आणि ओसरीवरच्या गप्पांतून फिरता फिरता त्याला आजचा अर्थ चिकटला. आता तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक विशिष्ट हसू येते. त्यात तिरस्कार असतो आणि थोडा हेवाही असतो. दुसऱ्याच्या मुलाला नोकरी लागली की तो वशिला. आपल्या मुलाला लागली की ‘साहेबांची जरा ओळख होती, एवढेच!’ या दोन शब्दांत खरोखर काही अंतर आहे, की एकाच वस्तूची ही दोन नावे? यंदा पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने हा नुसता शब्दांचा खेळ नाही.

मी शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा पदवीधरांना चार शब्द सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, ते वाचकांनीच ठरवावे. पण हाताखालून गेलेली मुले पदवी घेतल्यावर भेटायला येतात आणि त्यांच्या बोलण्यात मला दोन तऱ्हा आढळतात. एक मुलगा मानी असतो. ‘मी कुणाच्या दारात जाणार नाही. माझे गुण बोलतील,’ असे म्हणून तो शंभर ठिकाणी एकच अर्ज पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. दुसरा बाविसाव्या वर्षीच विरक्त झालेला असतो. ‘सर, वशिल्याशिवाय काही होत नाही,’ असे म्हणून तो अर्जच करत नाही. एकाला ओळख सांगणे पाप वाटते. दुसऱ्याला ओळखीवाचून जग चालतच नाही असे वाटते. आणि महिन्यामागून महिने दोघेही घरीच असतात.

ओळखीने नोकऱ्या मिळतात, हे खरे आहे. पण कोणत्या ओळखीने? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन या शहरात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना हाच प्रश्न विचारला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एक विलक्षण गोष्ट आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांच्यापैकी जेमतेम सहांत एकाला ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा अगदी क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. आपल्या सख्ख्यांना आणि जिवलगांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरचा माणूसच आणतो. पुढे २०२२ साली ‘लिंक्डइन’वरील दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवरून केलेला अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, आणि त्यातही थोड्या दूरच्या ओळखीच नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी ठरल्याचे दिसले.

या दूरच्या माणसांनी काय दिले असेल? जागा क्वचितच. बहुतेक वेळा एवढेच, की अमुक ठिकाणी माणूस हवा आहे आणि तिथे अमुक काम येणारा लागतो. म्हणजे त्यांनी दिली ती माहिती. इथेच मला ओळख आणि वशिला यांच्यातली सीमारेषा सापडते. माहिती दिल्याने देणाऱ्याची कमी होत नाही, आणि ती दहाजणांना दिली तरी अकराव्यासाठी उरते. जागा मात्र एकाला दिली की दुसऱ्याची जाते. जो माहिती मागतो, तो कुणाचे काही घेत नाही. जो ‘माझा अर्ज तेवढा वर काढा’ म्हणतो, तो अशा कुणाचे तरी घेतो, ज्याचा चेहरा त्याने पाहिलेला नाही.

ज्याला हे तत्त्व फार सूक्ष्म वाटेल, त्याच्यासाठी एक सोपी कसोटी आहे. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर शेजारी एक अनोळखी मुलगा बसलेला असतो. त्यानेही इस्त्रीचा सदरा घातलेला असतो, त्याच्याही हातात तशीच फाईल असते. आपल्याला मिळालेली मदत त्याला मोकळेपणाने सांगता येईल का? ‘इथे काम करणाऱ्या एका बाईंना मी कामाचे स्वरूप विचारून आलो,’ हे सांगता येते. ‘आतल्या साहेबांना काल काकांनी फोन केला,’ हे सांगता येत नाही. जीभ जिथे अडखळते, तिथे वशिला सुरू होतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. घरातली पहिली पदवीधर. आमच्याच शाळेतून बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला एकजण औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, असे तिला कळले. तिने त्याला चार ओळींचे पत्र लिहिले. त्यात नोकरी मागितली नव्हती, पंधरा मिनिटे मागितली होती. भेटीत तिने तीनच गोष्टी विचारल्या : दादा, तुमचा दिवस कसा जातो? नव्या माणसाला काय येत नाही म्हणून तुमची अडचण होते? आणि मी आणखी कोणाला विचारू? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तिला एचपीएलसी या यंत्राचे नाव मिळाले. औषधात कोणता घटक किती, हे त्यावर तपासतात. कॉलेजात तिने ते लांबूनच पाहिले होते. तिने ते काम शिकून घेतले आणि मग दुसऱ्याच एका कारखान्यात, जाहिरात पाहून, रीतसर अर्ज केला. नोकरी लागली. यात वशिला कुठे आहे?

पण ज्यांच्या ओळखीत असा दादाच नाही, त्यांनी काय करावे? हा आक्षेप मला खरा वाटतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सनदी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत. १८५३ च्या कायद्याने ती पद्धत मोडली, १८५५ साली लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली, आणि १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर तीत उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. शिफारशीपेक्षा परीक्षा न्यायाची, यात शंका नाही. पण लंडनपर्यंत जाण्याची ऐपत टागोरांच्या घरात होती, हेही विसरता येत नाही. दार सर्वांना उघडे झाले, तरी दारापर्यंतचा रस्ता सर्वांना सारखा नसतो.

आज आपल्या घटनेचे १६ वे कलम सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते. त्या हमीवर विश्वास ठेवून लाखो मुले राज्यसेवेसाठी अर्ज करतात. जागा मात्र शेकड्यांत मोजण्याइतक्या. त्यांनी परीक्षा जरूर द्यावी, पण किती वर्षे द्यायची हे पहिल्याच दिवशी ठरवून घरच्यांना सांगावे. खाजगी कचेऱ्यांत तर परीक्षाही नसते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवून पाहिले. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की दलित आणि मुसलमान नावांच्या अर्जांना अनुकूल उत्तर येण्याची शक्यता कमी होती. या मुलांना ‘तुमचे गुण बोलतील’ असे सांगणे म्हणजे अर्धेच खरे सांगणे. गुण बोलतात, पण कुणी ऐकायला बसले असेल तर.

म्हणून तरुणांना माझे सांगणे थोडे आहे. मागायला लाजू नका, पण काय मागता ते पाहा. अर्जात जे येते तेच लिहा. न येणाऱ्या गोष्टीचा पहिल्याच आठवड्यात पंचनामा होतो. नोकरी लावतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्यापाशी विकायला नोकरी नसते. नकार आला तर तो त्या एका अर्जाला आला, तुम्हाला नव्हे. आणि नोकरी लागली की ज्या वाटेने गेलात ती मागच्याला दाखवा. माहितीचे ऋण असेच फिटते, देणाऱ्याला परत करून नव्हे.

खरे सांगणे थोरांना आहे. आपल्या भाच्यासाठी फोन उचलणारे हात पुष्कळ आहेत. या सुट्टीत नोकरदार मंडळी गावी येतील, चार दिवस राहतील. त्यांनी आपल्या नात्यातला नसलेला, ज्याच्या घरी कुणी कचेरी पाहिलेली नाही असा एक मुलगा किंवा मुलगी शोधावी आणि अर्धा तास बसून आपल्या कामाची हकीकत सांगावी. शब्द टाकू नये, आश्वासन देऊ नये. फक्त रस्ता सांगावा. ओळख नसलेल्याला दिलेली ओळख हा वशिला होऊच शकत नाही. आणि ‘वसीला’ या शब्दाचा मूळ अर्थ तरी याहून निराळा काय होता?