विंचवाची नांगी आणि सहृदय वाचक

भारतीय काव्यशास्त्र रसिकाला ‘सहृदय’ म्हणते, म्हणजे ज्याचे हृदय कलाकृतीतील भावाला समरसून प्रतिसाद देते असा; आणि काव्यमीमांसक भट्टनायकांच्या मते हे साधारणीकरणामुळे घडते, म्हणजे भाव विशिष्ट व्यक्तीपासून सुटून सर्वांना आस्वाद्य होतो. परंतु समाजव्यवस्थेने ठरावीक माणसांवरच लादलेल्या दुःखाचे असे साधारणीकरण होऊ द्यावे काय, हा प्रश्न २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भीमायन’ या चित्रकादंबरीपुढे टाळता येत नाही. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव रेखाटताना ठरीव चौकटी नाकारल्या आणि घराच्या भिंती-जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिगना’ या नक्षीने पाने विभागली; त्यात मृदू बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात, तर जिव्हारी लागणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघून मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या आंबेडकरांना आणि सोबतच्या मुलांना अस्पृश्य म्हणून पुढच्या वाटेवर पाणीसुद्धा मिळाले नाही, हे पाहताना, ज्याने विटाळ सोसला आहे त्याला ती नांगी पुन्हा डसते आणि ज्याच्या घरात ते शब्द सहज उच्चारले गेले त्याला ती आपल्याच जिभेवर दिसू शकते. दोघेही सहृदय असू शकतात, पण त्यांचा प्रतिसाद एकच व्हावा ही अपेक्षा अन्याय्य आहे, कारण पहिल्याच्या वेदनेला केवळ करुण रस म्हटले, तर दुसरा डोळे पुसून मोकळा होतो.