दार कोणी उघडले?



"आम्ही अमेरिकेत आलो ते स्वतःच्या मेहनतीवर," असे आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतात. रात्री जागून केलेला अभ्यास, कर्ज काढून भरलेली फी, व्हिसाची धाकधूक, हे सगळे खरेच आहे. पण एवढ्याने हिशोब पूर्ण होतो का? आपण केवळ स्वतःच्या बळावर आलो असू, तर इथल्या समान हक्कांच्या लढ्याकडे आपण प्रेक्षक म्हणून पाहू शकतो. तसे नसेल, तर आपल्यावर काही ऋण आहे. हा प्रश्न आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. १७९० च्या कायद्यानुसार परदेशातून आलेल्या फक्त गोऱ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत होते. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, ते आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही खुले झाले. भारतीय माणूस दोन्हींत बसत नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांच्या बाजूने झालेला युक्तिवाद आपण नीट समजून घ्यायला हवा. थिंड हे उच्चजातीय आहेत, आर्य वंशाचे आहेत, म्हणून ते गोऱ्यांत मोडतात, असा तो युक्तिवाद होता. गोरा अमेरिकन जसा कृष्णवर्णीयाशी लग्नसंबंध टाळतो, तसाच उच्चजातीय हिंदू भारतातल्या आदिवासींशी टाळतो, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे भेदभाव पाळणे हाच गोरेपणाचा पुरावा! १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल विरुद्ध गेला. त्यानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते, अशा अनेक भारतीयांचेही ते काढून घेण्यात आले.

थिंड यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण मागणी काय होती ते पाहा. वंशाची अट चुकीची आहे, असे त्यांच्या वकिलांचे म्हणणे नव्हते. त्या अटीच्या योग्य बाजूला आम्हाला घ्या, एवढेच म्हणणे होते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. अशा व्यवस्थेत प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी दिसत असतो, त्यामुळे ती उतरंड मोडायला कोणी तयार होत नाही. हक्क मागण्याचा हा एक मार्ग झाला: मला वर घ्या, खालचे खाली राहू द्या.

दुसरा मार्ग अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात दिसला. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिन या मुलीलाही याच कारणाने अटक झाली होती. मग कृष्णवर्णीय समाजाने बसवर बहिष्कार टाकला. घरकाम करणाऱ्या बाया, मजूर, विद्यार्थी पायी चालत कामावर गेले. हे ३८१ दिवस चालले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या पिढीने नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा माँटगोमेरीतले लोक चालतच होते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्या दिवशीही ते चालत होते. आमच्यातल्या सुशिक्षितांना तरी पुढे बसू द्या, अशी मागणी त्यांनी केली नाही. बसमधली वेगळी बाकेच त्यांनी नाकारली.

नागपूरशी या लढ्याचा एक थेट धागाही आहे. जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय मिशनरी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये काम करत होते. अहिंसक प्रतिकाराचा अभ्यास त्यांनी भारतात केला आणि माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातच वाचली. परत गेल्यावर त्यांनी टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरू केले. शिवी दिली, धक्का मारला, अंगावर सिगारेटचा धूर सोडला, तरी हात उचलायचा नाही आणि जागाही सोडायची नाही, याचा तिथे सराव होत असे. १९६० मध्ये हेच विद्यार्थी दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. चवदार तळ्याचे पाणी आणि काउंटरवरची कॉफी यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे तहान हे निमित्त होते; प्रश्न माणूस म्हणून मान्यतेचा होता.

इथे एक आक्षेप त्या काळी जोरात घेतला गेला आणि आजही घेतला जातो. दुकान माझे आहे, कोणाला वाढायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य मला नको का? स्वातंत्र्य आणि समता यांचा हा खरा झगडा आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे सर्वांना खुली केली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो भाग वैध ठरवला. माझ्या मते आक्षेपाचे उत्तर असे आहे: ज्याने सगळ्यांसाठी दुकान मांडले, त्याला जन्म पाहून गिऱ्हाईक हाकलायचे स्वातंत्र्य दिले, तर दुसऱ्याचे फिरण्याचे, खाण्याचे, मुक्कामाचे स्वातंत्र्यच संपते. पण कायदा दार उघडायला लावतो. आत आलेल्याला आपला मानायला तो शिकवू शकत नाही. तिथे बंधुता लागते. म्हणूनच बाबासाहेब स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन तत्त्वे वेगळी काढू देत नसत, आणि ती आपण बुद्धाकडून घेतली असे सांगत.

आता आपल्या दाराकडे येऊ. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुले झाले, पण स्थलांतराचा कोटा होता वर्षाला शंभर. सगळ्या भारताला शंभर! ही देशवार कोट्याची जुनी पद्धत ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने मोडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला होता. वंशभेद चुकीचा आहे हे कृष्णवर्णीयांनी देशाच्या गळी उतरवले नसते, तर वंशावर आधारलेला तो कोटा इतक्या लवकर गेला असता असे मला वाटत नाही. आपण ज्या दारातून आलो, त्यासाठी माँटगोमेरी आणि सेल्मातल्या माणसांनी मार खाल्ला आहे.

आणि त्या दारापर्यंत पोहोचायलाही आपल्याला दुसरा एक लढा लागला. महाड, काळाराम, संविधान, आरक्षण, शिष्यवृत्ती, मिलिंद आणि सिद्धार्थ महाविद्यालय, हे नसते तर आपल्यातले किती जण इंजिनिअर झाले असते? आम्ही सॉफ्टवेअरवाले 'डिपेन्डन्सी' म्हणतो. माझा प्रोग्राम कितीही हुशारीने लिहिलेला असो, तो अनोळखी लोकांनी लिहिलेल्या शेकडो घटकांवर चालतो. तथागतांनी हेच फार खोलवर सांगितले: कारणांशिवाय काहीही उत्पन्न होत नाही. 'माझी मेहनत' हेही एक कारण आहे, पण अनेकांतले एक. प्रतीत्यसमुत्पाद फक्त ध्यानाला बसल्यावर आठवण्यासाठी नाही.

कोणी म्हणेल, "ते लढले स्वतःसाठी, आपल्यासाठी नव्हे. मग ऋण कसले?" खरे आहे, त्यांना आपण ठाऊकही नव्हतो. पण महाडला पाणी प्यायलेल्यांनाही तुम्ही-आम्ही ठाऊक नव्हतो, आणि त्यांचे ऋण आपण दरवर्षी मानतोच. जे हक्क सर्वांसाठी मागितले जातात, ते न मागणाऱ्यालाही मिळतात. म्हणून त्यांचे ऋणही त्याच रीतीने, पुढच्या माणसाकडे फिटते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातिभेदाला स्पष्ट बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, पण सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे म्हणत राज्यपालांनी ते नाकारले. त्या वेळी आपल्याला इतरांची साथ हवी होती. मग आपण कोणाला साथ देतो, हेही विचारायला हवे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉईस यांना पत्र लिहिले, तेव्हा त्यांना दोन्ही लढ्यांचे नाते दिसत होते. आपल्याला ते घर घेताना दिसते का? "तो एरिया चांगला नाही" असे मुलांसमोर म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो? मुलीने कृष्णवर्णीय मुलगा पसंत केला, तर आपल्या घरात कोणता मार्ग निवडला जाईल, थिंड यांच्या वकिलांचा की माँटगोमेरीचा?

वसलसुत्तात बुद्धांनी माणसाची नीचता जन्मात नव्हे, वागण्यात शोधायला सांगितले. ते आपण इतरांना ऐकवतो, कारण त्यात आपली सुटका आहे. पण ते आपल्यालाही लागू आहे. जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी, मार्टिन लूथर किंग दिनी, ऑफिसला सुट्टी असेल तर मुलांना घेऊन जवळच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सेवाकार्यात जा. नागरिक असाल तर स्थानिक निवडणुकीतही मतदान करा. आणि दार कोणी उघडले, हे मुलांना नावानिशी सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!