मान्ना थांबल्यावर

एक जूनला सकाळी मोबाइल वाजला नाही. चौतीस वर्षं एक तारखेला पगार होत आला. अलीकडे त्याचा मेसेज नेमका चहाच्या वेळी यायचा. एप्रिलअखेर मी निवृत्त झालो, एक मेला शेवटचा पगार जमा झाला. नोकरी खासगी, पेन्शन नाही. सगळं ठाऊक असूनही त्या सकाळी मी दोनदा मोबाइल उचलून पाहिला. आणि रात्री घरच्या प्रार्थनेत क्रमाने वाचन आलं ते यहोशवाच्या पाचव्या अध्यायाचं.

इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून गिलगालला उतरले आहेत. त्यांनी वल्हांडण पाळला. दुसऱ्या दिवशी कनान देशातल्या धान्याच्या बेखमीर भाकरी खाल्ल्या, भाजलेले दाणे खाल्ले. आपण हुरडा खातो तसे. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रानातल्या वाटचालीत देव रोज पुरवायचा तो मान्ना मिळायचा बंद झाला. केवढी मोठी घटना, पण बायबल ती एका वचनात सांगून पुढे निघून जातं. मला पुढे जाता येईना.

चाळीस वर्षं! मिसरातून निघालेले बहुतेक वाटेतच संपले होते. आता गिलगालला होते त्यांतल्या कितीकांनी नांगराला कधी हातही लावला नव्हता. सकाळी दव उडून गेलं की माणशी एक ओमर मान्ना वेचायचा. उद्यासाठी राखला की किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा तेवढा टिकायचा. त्या सकाळी एखादी आई सवयीने टोपली घेऊन तंबूबाहेर आली असेल, आणि समोर नुसती माती. देवाने हात आखडला, असं क्षणभर तिच्या मनात आलंच असेल. मी तिला दोष देणार नाही. चुलीजवळ कालचे भाजलेले दाणे उरले होते, तेही त्याच हातचे, हे कळायला वेळ लागतो.

मला तर वाटतं, खरी कसोटी इथून पुढे होती. मान्ना रोज सकाळी वर पाहायला लावतो. शेत मात्र माणसाला पेरायला लावतं, पावसाची वाट पाहायला लावतं आणि एकदा का कणगी भरली की देणाऱ्याचा विसर पाडतं.

यार्देनपलीकडे हे लोक पोहोचले कसे, ते तिसऱ्या अध्यायात आहे. सुगीचे दिवस होते, आणि त्या दिवसांत यार्देन दुथडी भरून वाहते. कराराचा कोश खांद्यावर घेतलेल्या याजकांचे पाय पाण्यात बुडाले, तेव्हा कुठे पाणी थांबलं. थांबलं तेही पायाशी नाही. वर, पुष्कळ दूर, आदाम नावाच्या गावाजवळ. यरीहोसमोर उभ्या असलेल्यांना ते ठिकाण दिसणंही शक्य नव्हतं. लोकांना तर कोशापासून दोन हजार हात, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर, मागे राहायची आज्ञा होती, कारण ही वाट त्यांच्या पायाखालची नव्हती. आधी हे अंतर मला परकेपणाचं वाटायचं. आता कळतं, सगळे कोशाला खेटून चालले असते तर मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसल्या असत्या.

आपल्या मराठी मंडळीत हे वाचताना कवी नारायण वामन टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत; मे 1919 मध्ये ते गेले. या पावलाकडे निव्वळ धाडस म्हणून पाहणं मला जमत नाही, कारण एकाच्या अशा विश्वासाचा भार घरातल्या दुसऱ्यालाही उचलावा लागतो. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्याला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय काय निभावलं ते सांगायला नको. पण टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच लिहून पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने. टिळक पाण्यात उतरले तेव्हा हे त्यांना कुठून दिसणार होतं?

वाचन संपलं. बायकोने प्रार्थना केली, तीही पगाराबद्दल नाही, शेजारच्या आजारी मुलासाठी. मग दिवा मालवता मालवता म्हणाली, "अहो, गहू अजून भरला नाही आपण. यंदा एकच पोतं घेऊ या का?"

पाऊस तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी पोतं आणलं आणि गच्चीवर जुन्या चादरीवर गहू पसरला. ऊन होतं तोवर दोघं बसून खडे वेचत राहिलो.