श्वास घेतो कोण?

भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा, राई, मोरवा या गावांतून उत्तनच्या दिशेने झपाझप चालणाऱ्याला वाटते, हे सारे आपणच करतो आहोत. भगवद्गीतेचा पाचवा अध्याय मात्र श्वासालाही ‘मी करत नाही’ अशा क्रियांत बसवतो. शरीरशास्त्राने हा प्रश्न मिटत नाही, उलट त्याला धार चढते.

हृदयाची मूळ लय मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपासची. विश्रांतीत व्हेगस नस तिला लगाम घालून ७०च्या घरात आणते. पाऊल उचलताच, कधी त्याआधीच, मेंदू तो लगाम सैल सोडतो. मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलणारे हृदय जोराच्या व्यायामात २० लिटरपर्यंत मजल मारते. पोटरीतल्या बारीक रोहिण्या रुंदावतात, आतड्यांकडच्या आकसतात. यातले काहीही कुणी ठरवून करत नाही.

श्वासाचे तसे नाही. तो आपोआप चालतो आणि हुकूमही ऐकतो. प्राणायाम उभा आहे तो याच जोरावर. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. श्रद्धेने तपासणीला सामोरे जाण्याचे इतके प्रामाणिक उदाहरण विरळाच.

पण हुकमतीलाही हद्द आहे. दम कोंडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदू श्वास घ्यायला भागच पाडतो. हृदयाबाबत गीतेचे म्हणणे पूर्ण पटते, श्वासाबाबत अर्धे.

चालायला निघणे मात्र आपल्याच हाती. जरूर निघा, छातीत दुखू लागले तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.