घर विकताना किती सांगावे?



वसईत रो-हाऊस विकायला काढलेली आपली माणसे हल्ली विचारतात, "फादर, वस्ती बदलली, मुले परदेशी गेली, भावाचा नेम नाही. गिऱ्हाइकाला सगळेच सांगत बसलो तर घर विकायचे कसे?"

संत थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात हा प्रश्न हाताळला. टंचाईच्या गावी धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे, मागून आणखी व्यापारी येत आहेत. ते त्याने सांगावे का? न्यायाने तो बांधील नाही, कारण ते अजून घडायचे आहे. सांगितले किंवा भाव उतरवला तर तो मोठा सद्गुण, असे संत म्हणतात. (इस्टेट एजंटांना हे मत आवडेल!)

पण त्याच ठिकाणी ते मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून विकणाऱ्याचे उदाहरण देतात, आणि तेथे सूट नाही. दडलेला दोष सांगायलाच हवा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५वे कलमही हेच बजावते.

जुलै २०१८ च्या पुरात भिंतीवर उमटलेल्या रेघेवर रंग मारून मार्चमध्ये घर दाखवणे यातच मोडते. उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या माणसाला वसईचा पाऊस कसा दिसणार? "त्याने विचारले नाही" हे उत्तर पुरत नाही. भावाभावांतला वारसाहक्काचा वादही तसाच.

सांगितल्यावर भाव उतरेल, हे खरे. किती, ते दोघांनी बसून ठरवावे. योग्य किंमत अंदाजानेच ठरते, हे अक्वायनसही मान्य करतात.

आपला,
प्रमुख धर्मगुरू