हन्नेचा अंगरखा

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१२-२६



हन्नेने आपला शमुवेल परमेश्वराला वाहिला व शिलो येथे एली याजकाच्या हवाली केला. पण ती त्याला विसरली नाही. दरवर्षी ती त्याच्यासाठी छोटा अंगरखा करून नेई. वाढत्या लेकराचा अंगरखा करायचा, तर त्याच्या वाढीवर नजर ठेवावी लागते. एलीही त्या नवराबायकोला आशीर्वाद देऊनच घरी पाठवी.

पण त्याच अध्यायात एलीच्या मुलांचा दुराचारही आहे. लोकांनी तो एलीच्या कानी घातला. त्याने मुलांना बोल लावला, पण आवरले नाही. देवाचे घर आहे एवढ्यावरून लेकरू तेथे सुरक्षित असतेच असे नाही.

आमच्या शब्बाथ शाळेतील एक मुलगा तीन रविवार आला नाही. मी घरी जाऊन उंबऱ्यातूनच त्याच्या आईला म्हणालो, “लेकराला वचनाची गोडी तुम्हीच लावायला हवी.” ती मान खाली घालून उभी राहिली. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, क्षमा मागितली, आत बसलो व विचारले, “ताई, काही अडचण आहे काय?” तेव्हा कळले, की वर्ग सुटल्यावर मंदिरामागे मोठी मुले त्याला मारीत. दोष तिच्या घरात नव्हता, आमच्याच आवारात होता.

शिक्षकांनो, केवळ तक्रार घेऊन पालकांच्या दारी जाऊ नका. मुलाचे कौतुक सांगायलाही जा. वर्ग केव्हा सुटतो, मुलांबरोबर कोण असते, हे आपण होऊन सांगा. आईबापांना वर्गात येऊन बसू द्या. पालकांनो, तुम्हीही विचारताना संकोचू नका. शिक्षकावर विश्वास ठेवणे म्हणजे चौकशी सोडून देणे नव्हे.

मात्र आदर म्हणजे झाकाझाकही नव्हे. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो. मग आरोप घरच्या माणसावर असो की मंडळीतील पुढाऱ्यावर. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प राहणे, ही एलीचीच चूक होय.

हन्नेची काळजी पालकांना व एलीला न लाभलेले धैर्य आपणां सर्वांना प्रभू देवो. आमेन.